आभाराचा गुरुवार : अमेरिकेच्या सुगीच्या सणाची जमा-नावे

नोव्हेंबर महिन्यातील चौथा गुरुवार अमेरिकेत ‘थँक्सगिव्हिंग’, म्हणजेच आभाराचा दिवस म्हणून पाळला जातो. त्या दिवशी शाळा, कचेऱ्या, बँका आणि शेअर बाजार बंद असतात. दूरच्या शहरांत नोकरी-व्यवसाय करणारी मुले विमानाने वा मोटारीने आईवडिलांच्या घरी पोहोचतात आणि एका मेजाभोवती दोन-तीन पिढ्या एकत्र जेवायला बसतात. जेवणापूर्वी प्रत्येकाने, या वर्षी आपण कशाबद्दल कृतज्ञ आहोत ते दोन वाक्यांत सांगायचे, अशी रीत अनेक कुटुंबांत आहे. या सणात विशिष्ट देवाची पूजा सक्तीची नाही. म्हणूनच ख्रिस्ती, ज्यू, मुस्लिम, हिंदू, जैन आणि कोणताही धर्म न मानणारे असे सर्वच तो आपापल्या पद्धतीने साजरा करतात. कॅनडातही असाच सण ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी असतो.

आपल्याकडे दिवाळी होऊन काही आठवडे लोटले, की तिकडे स्थायिक झालेल्या मुलासुनांचे, लेकीजावयांचे फोन येतात : “आता चार दिवस सुट्टी.” बहुतेक घरांत या सणाची ओळख एवढीच असते. वस्तुतः त्याच्या मुळाशी उपासमार आहे, परक्यांनी केलेला उपकार आहे, एका विधवा संपादिकेचा चिवटपणा आहे आणि दुकानदारांचा हिशेबही आहे. व्यापारी घराण्यात वाढलेल्या वाचकाला हा इतिहास खतावणीच्या भाषेत अधिक चांगला उमगेल. कारण त्यात एक कर्ज फिटल्याची नोंद आहे आणि दुसरे अद्याप नावे राहिलेले आहे.

दोन धनको

१६२० च्या अखेरीस ‘मेफ्लॉवर’ हे जहाज १०२ प्रवाशांना घेऊन आजच्या मॅसॅच्युसेट्स राज्याच्या किनाऱ्याला लागले. त्यांतील काही जण इंग्लंडच्या राजमान्य चर्चपासून फुटून निघालेले धर्मनिष्ठ होते, तर काही नशीब काढण्यासाठी निघालेले सामान्य लोक. या सफरीचे भांडवल लंडनच्या काही व्यापाऱ्यांनी घातले होते. वसाहतवाल्यांनी लाकूड आणि लोकरीच्या कातड्यांचा माल पाठवून ते भांडवल नफ्यासह परत करायचे, असा करार होता.

कडाक्याच्या हिवाळ्यात, रोगराई आणि अपुऱ्या अन्नामुळे, वसंत येण्यापूर्वीच त्यांतील जवळजवळ निम्मे लोक दगावले. त्यांनी वस्तीसाठी निवडलेले ‘प्लिमथ’ हे ठिकाण म्हणजे वाम्पानोअग लोकांचे पाटुक्सेट नावाचे गाव होते. १६१६ ते १६१९ च्या दरम्यान युरोपीय जहाजांबरोबर आलेल्या साथीने ते गाव निर्मनुष्य केले होते. नवागतांना मोकळी, मशागत झालेली शेते मिळाली ती अशी.

त्या गावचा एक मनुष्य मात्र जिवंत होता. टिस्क्वांटम त्याचे नाव. १६१४ मध्ये एका इंग्रज कप्तानाने त्याला फसवून पकडले आणि स्पेनमधील मालागा बंदरात गुलाम म्हणून विकायला नेले. तेथून सुटून तो इंग्लंडला पोहोचला, इंग्रजी शिकला आणि १६१९ मध्ये मायदेशी परतला, तेव्हा त्याचे घरदार, गणगोत काहीच उरले नव्हते. ज्यांच्या देशबांधवाने त्याला विकले, त्यांनाच या माणसाने मका पेरायला शिकवले : बियाणे केव्हा टाकायचे आणि कस गेलेल्या जमिनीला मासळीचे खत कसे द्यायचे. वाम्पानोअगांचा प्रमुख मॅसासॉइट याने मार्च १६२१ मध्ये वसाहतीशी परस्पर संरक्षणाचा तह केला. साथीने त्याचे मनुष्यबळ खचले होते आणि शेजारच्या बलाढ्य टोळीचे भय होते. म्हणजे तह उभयपक्षी गरजेचा होता. तरीही त्याविना वसाहत टिकली असती, असे म्हणणे कठीण आहे.

त्या वर्षी सुमारे वीस एकर मका चांगला पिकला. इंग्लंडहून आणलेला वाटाणा मात्र साधला नाही. सुगी आटोपल्यावर वसाहतीने आनंदोत्सव केला. मॅसासॉइट नव्वद माणसांसह आला, त्यांनी पाच हरणांची शिकार करून आणली आणि तीन दिवस मेजवानी चालली. एडवर्ड विन्स्लो या वसाहतवाल्याने ११ डिसेंबर १६२१ रोजी लिहिलेल्या पत्रात हे वर्णन केले आहे. वसाहतीचा प्रमुख विल्यम ब्रॅडफर्ड यानेही त्या सुबत्तेबद्दल काही ओळी लिहिल्या. पहिल्या सुगीविषयीचा प्रत्यक्ष पुरावा एवढाच. विन्स्लोच्या पत्रात ‘थँक्सगिव्हिंग’ हा शब्द येत नाही, आणि पाहुण्यांना आमंत्रण होते की नाही, याचाही उल्लेख नाही.

हे पत्र ज्या ‘फॉर्च्यून’ जहाजातून लंडनला गेले, त्याच जहाजात धनको व्यापाऱ्यांसाठी पहिल्या परतफेडीचा माल भरला होता : इमारती लाकूड आणि बीव्हर या प्राण्याची कातडी. वाटेत फ्रेंचांनी जहाज पकडून माल लुटला. पत्र मात्र लंडनला पोहोचले आणि १६२२ मध्ये छापले गेले. कर्ज तसेच राहिले. पुढे १६२७ मध्ये व्यापाऱ्यांचा हिस्सा १८०० पौंडांना, वार्षिक हप्त्यांनी विकत घेण्याचा करार झाला. वसाहतीतील आठ प्रमुखांनी तो बोजा अंगावर घेतला आणि सुमारे दोन दशकांनंतर, काहींनी स्वतःच्या जमिनी विकून, लंडनचे देणे फेडले.

दुसऱ्या धनकोच्या वाट्याला काय आले? आरंभी व्यवहार सचोटीचा होता. किनाऱ्याला लागताच वसाहतवाल्यांनी स्थानिकांनी पुरून ठेवलेला मका उकरून नेला होता आणि तोच बियाणे म्हणून वापरला होता. पुढल्या वर्षी मालकांचा शोध घेऊन त्यांनी त्याची भरपाई केली. परंतु इंग्रजांची वस्ती वाढत गेली, जमिनीची भूक वाढत गेली, आणि मॅसासॉइटच्या मृत्यूनंतर काही वर्षांतच तहाचा जीव गेला. १६७५-७६ च्या युद्धात मॅसासॉइटचा पुत्र मेटाकॉम मारला गेला. त्याचे शिर प्लिमथमध्ये अनेक वर्षे खांबावर लटकवून ठेवलेले होते. त्याची पत्नी आणि लहान मुलगा बंदिवान झाले आणि पराभूतांपैकी कित्येकांना गुलाम म्हणून परमुलखात विकले गेले. पहिल्या सुगीला एका मेजवानीला बसलेल्यांच्या पुढच्याच पिढीत हे घडले.

संपादिकेची चिकाटी

त्या काळच्या धर्मनिष्ठ इंग्रजांच्या दृष्टीने ‘आभारदिन’ म्हणजे मेजवानी नसे. संकट टळले की प्रार्थनेसाठी राखून ठेवलेला तो दिवस असे. प्लिमथमध्ये असा दिवस १६२३ मध्ये, दीर्घ अवर्षणानंतर पाऊस पडला तेव्हा पाळला गेला. स्वातंत्र्ययुद्धाच्या काळात, १७७७ मध्ये, साराटोगाच्या विजयानंतर सर्व वसाहतींनी एकाच वेळी आभारदिन पाळावा, असे आवाहन निघाले. १७८९ मध्ये राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन यांनी २६ नोव्हेंबर हा दिवस घोषित केला. मात्र थॉमस जेफरसन यांनी, धार्मिक दिवस ठरवणे हे शासनाचे काम नव्हे, असे मानून अशी घोषणा करण्याचे नाकारले. त्यामुळे सण राज्याराज्यांच्या मर्जीवर राहिला आणि मुख्यतः ईशान्येकडील न्यू इंग्लंड प्रदेशापुरता रुजला.

त्याला राष्ट्राचा सण करण्याचे श्रेय सारा जोसेफा हेल या स्त्रीला जाते. १७८८ मध्ये न्यू हॅम्पशायर राज्यात त्यांचा जन्म झाला. १८२२ मध्ये पतीचे निधन झाले आणि पाच मुलांची जबाबदारी एकटीवर पडली. त्या काळी स्त्रीला मोकळ्या असलेल्या थोड्या मार्गांपैकी लेखणीचा मार्ग त्यांनी धरला. १८२७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘नॉर्थवुड’ या त्यांच्या कादंबरीत या सणाच्या जेवणाचे सविस्तर वर्णन आहे. १८३७ पासून चाळीस वर्षे त्यांनी ‘गोडीज लेडीज बुक’ या स्त्रियांच्या मासिकाचे संपादन केले. गृहयुद्धापूर्वी त्याचा खप सुमारे दीड लाख प्रतींवर गेला होता.

१८४६ पासून हेल यांनी दरवर्षी संपादकीये लिहिली आणि राज्यपालांना, राष्ट्राध्यक्षांना पत्रे पाठवली. मागणी एकच : साऱ्या देशाने एकाच दिवशी हा सण करावा. उत्तर आणि दक्षिण यांत गुलामगिरीवरून फूट पडत असताना एका दिवसाचे एक जेवण तरी देशाला बांधून ठेवील, अशी त्यांची आशा होती. फूट टळली नाही, युद्ध झाले. तरी २८ सप्टेंबर १८६३ रोजी, पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर असताना, त्यांनी अब्राहम लिंकन यांना पत्र लिहिले. अवघ्या पाच दिवसांनी, ३ ऑक्टोबरला, नोव्हेंबरचा अखेरचा गुरुवार राष्ट्रीय आभारदिन म्हणून घोषित झाला. गेटिसबर्गच्या भीषण लढाईला तेव्हा तीन महिनेच झाले होते. लिंकन यांच्या घोषणेत प्लिमथचा वा १६२१ चा उल्लेख नाही. पिकलेल्या शेतांबद्दल आभार आहेत, आणि युद्धाने विधवा व अनाथ केलेल्यांचे स्मरण ठेवण्याची विनंती आहे.

प्लिमथच्या सुगीशी या दिवसाची गाठ घातली गेली ती मुख्यतः १८४१ नंतर. त्या वर्षी अलेक्झांडर यंग यांनी विन्स्लोचे विस्मृतीत गेलेले पत्र पुन्हा छापले आणि तळटीपेत त्या मेजवानीला ‘पहिले थँक्सगिव्हिंग’ म्हटले. एका तळटीपेतून हळूहळू राष्ट्राची उत्पत्तिकथा उभी राहिली. शाळांतील चित्रांत इंग्रज आणि मूळ रहिवासी हसतमुखाने एका मेजावर बसले. पुढे काय झाले, ते चित्राबाहेर राहिले.

दुकानदार आणि दिनदर्शिका

या सणाशी व्यापाराचे नाते फार निकटचे आहे. १९२४ मध्ये न्यूयॉर्कच्या ‘मेसीज’ या भव्य दुकानाने थँक्सगिव्हिंगच्या सकाळी मिरवणूक काढली. दुकानाचे कर्मचारी वेष घालून चालले, प्राणिसंग्रहालयातील जनावरेही सोबत होती. १९२७ पासून जनावरांच्या जागी प्रचंड फुगे आले. ती मिरवणूक आजही निघते आणि कोट्यवधी लोक ती दूरचित्रवाणीवर पाहतात.

नाताळच्या वस्तूंची जाहिरात थँक्सगिव्हिंगपूर्वी करू नये, असा व्यापाऱ्यांत एक अलिखित संकेत होता. १९३९ मध्ये नोव्हेंबरात पाच गुरुवार आले आणि अखेरचा ३० तारखेला पडत होता. मंदीने पोळलेल्या दुकानदारांनी राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्याकडे, सण एक आठवडा अलीकडे घ्यावा, म्हणजे विक्रीला सात दिवस अधिक मिळतील, असा आग्रह धरला. रूझवेल्ट यांनी ते मानले आणि देशात गोंधळ उडाला. दिनदर्शिका छापून बसलेले छापखानदार हवालदिल झाले, महाविद्यालयांचे फुटबॉल सामने विस्कटले. जवळजवळ निम्म्या राज्यांनी नवा दिवस पाळला, उरलेल्यांनी जुना, तर टेक्साससारख्या राज्याने दोन्ही. वेगवेगळ्या राज्यांत राहणाऱ्या कुटुंबांना एकत्र जेवणे अवघड झाले. दोन वर्षांनी आकडे तपासले, तेव्हा एकूण विक्रीत म्हणण्यासारखी वाढ झाली नसल्याचे रूझवेल्ट यांनीच मान्य केले. गिऱ्हाईक तेवढेच, त्याचा पैसा तेवढाच. खरेदीचे दिवस तेवढे पसरले होते. डिसेंबर १९४१ मध्ये कायद्याने चौथा गुरुवार कायम झाला.

दुसऱ्या दिवसाच्या ‘ब्लॅक फ्रायडे’ या नावाची कथाही व्यापाऱ्याने ध्यानात घेण्याजोगी आहे. या दिवशी दुकाने तोट्याच्या लाल शाईतून नफ्याच्या काळ्या शाईत येतात म्हणून तो ‘काळा’, असे सर्रास सांगितले जाते. प्रत्यक्षात हे नाव फिलाडेल्फियाच्या पोलिसांनी १९५० ते ६० च्या दशकांत, खरेदीच्या झुंबडीने रस्ते तुंबत म्हणून, वैतागून दिले होते. व्यापाऱ्यांना ते अशुभ वाटले. १९६१ मध्ये त्यांनी ‘मोठा शुक्रवार’ असे नाव रूढ करून पाहिले. ते चालले नाही. शाईची सोयीस्कर व्युत्पत्ती १९८० च्या दशकात पसरली. पूजेच्या चोपडीला लाल कापड चढवणाऱ्या आपल्या बाजारपेठेला तर लाल शाईचे हे भय नवलाचेच वाटेल.

पुढे खरेदीचा शुक्रवार गुरुवारच्या ताटापर्यंत सरकला. गेल्या दशकात अनेक मोठ्या दुकानांनी सणाच्या संध्याकाळीच दारे उघडण्यास आरंभ केला आणि विक्रेत्यांना घरचे जेवण सोडून कामावर जावे लागू लागले. मॅसॅच्युसेट्स, ऱ्होड आयलंड आणि मेन या राज्यांत जुन्या कायद्यांमुळे त्या दिवशी मोठी दुकाने बंदच असतात. इतरत्र कामगारांनी नाराजी व्यक्त केली तरी स्पर्धा थांबेना. २०२० च्या महामारीत वॉलमार्ट आणि टार्गेट या साखळ्यांनी गुरुवारी दुकाने बंद ठेवली आणि पुढेही तीच पद्धत चालू ठेवली. सणाच्या दिवशी गल्ल्यावर बसावे की पंगतीत, हा प्रश्न कोणत्याही बाजारपेठेला अनोळखी नाही. मालकाने तो स्वतःपुरता सोडवला, तरी नोकराच्या घरची पंगत त्याच उत्तरावर अवलंबून असते. २०१२ पासून याच आठवड्याला जोडून येणाऱ्या मंगळवारी दान देण्याची चाल सुरू झाली आहे; खरेदीच्या लाटेला घातलेला तो एक छोटासा बांध.

ताटातील पदार्थ

या दिवसाचे मुख्य अन्न म्हणजे ‘टर्की’ हा मोठा पक्षी. मूळचा तो अमेरिकेचा. पण व्यापारी मार्गांच्या गोंधळातून इंग्रजीत त्याला तुर्कस्तानचे नाव मिळाले, आणि खुद्द तुर्की भाषेत त्याला ‘हिंदी’, म्हणजे हिंदुस्थानचा, म्हणतात. टर्की-उत्पादकांच्या संघटनेच्या अंदाजानुसार या एका सणासाठी सुमारे साडेचार कोटी पक्षी मारले जातात. आभाराच्या दिवसाची ही किंमत अहिंसा मानणाऱ्या मनाला अस्वस्थ करते, आणि ती अस्वस्थता अमेरिकेतही सर्वस्वी अपरिचित नाही. १९६३ मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी भेट आलेला पक्षी मारू दिला नाही. १९८९ पासून दरवर्षी राष्ट्राध्यक्ष एखाददुसऱ्या टर्कीला समारंभपूर्वक ‘क्षमा’ करतात. अपराध कोणता, हे मात्र त्या समारंभात सांगितले जात नाही. अभयदानाची थोर परंपरा असलेल्या समाजाला हा विनोद अपुरा वाटला, तर नवल नाही. १९९५ मध्ये सोयाबीनपासून बनवलेला ‘टोफर्की’ हा पदार्थ बाजारात आला आणि शाकाहारी पंगतींची सोय वाढली.

अमेरिकेतील जैन कुटुंबांपुढे दुसरीही अडचण असते. पक्षी वगळला तरी कुस्करलेला बटाटा, रताळी, कांदा घातलेले पावाचे सारण, अंडे असलेला भोपळ्याचा ‘पाय’, जनावरांच्या हाडा-कातड्यापासून निघणारे जिलेटिन असलेली मिठाई, असे बरेच काही वर्ज्य ठरते. मग उरते काय? मक्याचे दाणे, घेवडा, लाल भोपळा आणि क्रॅनबेरीची आंबटगोड चटणी. यांपैकी मका, घेवडा आणि भोपळा या त्रयीला मूळ अमेरिकी रहिवासी ‘तीन बहिणी’ म्हणतात. मक्याच्या ताटाचा आधार घेऊन घेवड्याचा वेल चढतो. घेवडा जमिनीला नत्र देतो. भोपळ्याची रुंद पाने जमीन झाकून ओल धरून ठेवतात. बटाटा आणि रताळी १६२१ च्या प्लिमथमध्ये नव्हतीच. ती नंतर या ताटात आली. म्हणजे कंदमुळे टाळणारे जैन कुटुंब नकळत वाम्पानोअगांच्या शेतातील धान्यभाज्यांच्या जवळ पोहोचते. त्या मेजवानीत शिकार होती, हे खरेच. पण वर्षभर पोट भरणारे अन्न या तीन बहिणींचे होते.

कोल्स हिलवरील शोकदिन

१९७० मध्ये प्लिमथच्या आगमनाला ३५० वर्षे झाली, म्हणून मॅसॅच्युसेट्समध्ये समारंभ झाला. वाम्पानोअग समाजातील वाम्सुट्टा फ्रँक जेम्स यांना भाषणासाठी बोलावण्यात आले. त्यांनी लिहिलेल्या भाषणात उकरून नेलेल्या मक्यापासून हिरावलेल्या जमिनीपर्यंतचा हिशेब होता. आयोजकांनी ते आधी वाचून बदलण्यास सांगितले. जेम्स यांनी बदललेले भाषण करण्यास नकार दिला. त्या वर्षी थँक्सगिव्हिंगच्या दिवशी प्लिमथच्या कोल्स हिल या टेकडीवर मूळ रहिवासी जमले आणि त्यांनी ‘राष्ट्रीय शोकदिन’ पाळला. तेव्हापासून दरवर्षी त्याच गुरुवारी, मॅसासॉइटच्या पुतळ्यापाशी, तो पाळला जातो. अनेक जण त्या दिवशी उपवास करतात.

हा समाज कृतज्ञतेच्या विरोधात नाही, हे लक्षात घ्यायला हवे. वाम्पानोअग परंपरेत आभाराचे प्रसंग वर्षभर येतात. उन्हाळ्याच्या आरंभी स्ट्रॉबेरी पिकते तेव्हाही एक आभारदिन असतो. त्यांचा आक्षेप आभाराला नाही, विस्मरणाला आहे. त्यांच्यापैकी मॅश्पी वाम्पानोअग समूहाला अमेरिकी शासनाने अधिकृत मान्यता दिली ती २००७ मध्ये, पहिल्या सुगीनंतर ३८६ वर्षांनी.

ही खतावणी केवळ अमेरिकेची नाही. मका, मिरची, लाल भोपळा, घेवडा, भुईमूग, टोमॅटो, काजू, पेरू, ही सारी पिके अमेरिका खंडातील मूळ रहिवाशांनी पिढ्यान्‌पिढ्या निवडून जोपासली. सोळाव्या शतकापासून पोर्तुगीज आणि इतर व्यापाऱ्यांच्या जहाजांतून ती गोव्याच्या व इतर बंदरांत उतरली आणि तेथून देशावर पसरली. आज महाराष्ट्रातील भुसार बाजारात मिरचीची पोती उलगडतात, शेंगदाण्याचे भाव पुकारले जातात, मक्याचे सौदे होतात. त्या मालावर पिढ्यान्‌पिढ्या घरे चालली, पेढ्या वाढल्या, धर्मशाळा आणि पाठशाळा उभ्या राहिल्या. मात्र ते बियाणे ज्यांनी घडवले, त्यांच्या नावाने कोणत्याही कीर्दीत एकही ओळ नाही.

प्लिमथच्या प्रमुखांनी लंडनचे कर्ज जमिनी विकून फेडले, कारण त्याचा कागद होता, व्याज होते आणि तगादा होता. टिस्क्वांटमने शिकवलेल्या पेरणीचा कागद कोणी केला नव्हता. येत्या नोव्हेंबरात मुलांचा सुट्टीचा फोन येईल, तेव्हा नातवंडांना त्या मेजवानीची गोष्ट सांगताना टिस्क्वांटमचे नाव आवर्जून सांगावे. आणि घरच्या चोपडीपूजनाच्या दिवशी, कागदावरची येणी-देणी मांडून झाल्यावर, ज्यांचा कागद कधी झालाच नाही अशा देण्यांसाठी एक कोरे पान राखावे.